निधी-निक्षेपासह घर विकणे आहे

आमचं तारापूरचं घर विकायला साडेतीन महिने लागले. गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी मिळालं होतं.

मधल्या काळाला मी जबाबदार आहे, असं आमच्या घरात एकमताने ठरलेलं आहे. ठराव आईने मांडला, अनुमोदन बाबांनी दिलं, आणि विरोधी मत नोंदवून घेण्याची पद्धत आमच्याकडे नाही. म्हणून ते इथे नोंदवतो आहे.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि पत्रकं काढत असे. रॉकेलच्या रांगेवर एक, थांब्यावर न थांबणाऱ्या एस.टी.वर दोन, शाळेच्या गळक्या छपरावर तीन. (छप्पर अजून गळतं. पण तिसरं पत्रक फार जळजळीत होतं.) पत्रकं काढणाऱ्या माणसाला एक खोड लागते. कुठलाही कागद हातात आला की यामागे कोण आहे, हे तो आधी विचारतो. लग्नाची पत्रिका आली तरी मी वधूवरांच्या अगोदर खाली छापखान्याचं नाव बघायचो.

घर विकायचं कारण पाणी. समुद्र जवळ, त्यामुळे आमच्या विहिरीचं पाणी मचूळ. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि पाहुणा चहाचा पहिला घोट घेऊन बशीकडे बघत बसतो. लग्न होऊन आल्यापासून चोवीस वर्षं आई गोडं पाणी अर्ध्या मैलावरून डोक्यावर आणत होती. आता तिचा उजवा गुडघा सुजायला लागला होता. बोईसरजवळ बेटेगावला काशिनाथ नावाच्या माणसाची थोडी जागा विकाऊ होती आणि तिच्यात एक विहीर होती. आईने तिथे जाऊन ओंजळभर पाणी प्यायलं, तोंड पदराने पुसलं आणि म्हणाली, "हीच जागा." काशिनाथने अक्षय्य तृतीयेपर्यंत ती आमच्यासाठी राखून ठेवायचं कबूल केलं. तोवर तारापूरचं घर विकायचं, त्यातून ती जागा घ्यायची आणि पावसाळ्याआधी पाया घालायचा, इतका सोपा बेत होता.

तेव्हा अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं. चार दिशांनी माणसं आलेली, राहायला खोली मिळेना. दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी शिंदे मुकादम आमच्या दारात उभे राहिले. माणूस साताऱ्याकडचा, बांधकामावरच्या गवंड्यांचा मुकादम. बायकापोरांना गावाकडून आणायचं म्हणून घर शोधत होते.

पण घर बघायला आलेला माणूस कौलं बघतो, खिडक्या बघतो. हे जमीन बघत होते. हातातल्या काठीने ठक ठक करत ओटीवरून माजघरात गेले, भिंतीवर बोटाचं पेर वाजवलं आणि कान लावला.

"काय ऐकताय?" मी विचारलं.

"भित बोलती."

"काय म्हणते?"

"ते आमास्नी कळतं."

मग माजघराच्या कोपऱ्यात त्यांनी तीनदा टाच आपटली.

"हितं पोकळ हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे पोकळ हाय. असूं द्या."

हे 'असूं द्या' मला मुळीच आवडलं नाही. त्यातून त्यांनी भावात घासाघीस केली नाही. बाबांनी आकडा सांगितला, त्यांनी मान हलवली, आईने चहा ठेवला. (त्याच मचूळ पाण्याचा. तोही ते पूर्ण प्यायले. संशयाला आणखी काय पुरावा पाहिजे?)

आठ दिवसांनी खरेदीखताचा कच्चा मसुदा आला. तो लिहिला होता पालघरचे दस्तलेखक गणूकाका यांनी. कचेरीच्या व्हरांड्यात त्यांचं टेबल गेली चाळीस वर्षं आहे. बाबा चष्मा लावून मोठ्याने वाचत होते: "सदरहू घर व त्याखालील जमीन, जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह तुम्हांस कायमची खरेदी दिली असे..."

"थांबा. निधी?"

"हां. निधी."

"निधी म्हणजे पुरलेलं धन, बाबा. निक्षेप म्हणजे ठेवलेली ठेव. हे यात घातलं कोणी?"

"गणूकाकांनी."

"गणूकाकांना सांगितलं कोणी?"

"मला काय माहीत?"

"दस्ताचा खर्च कोण करतंय?"

"शिंदे. घेणारा करतो खर्च."

"मग झालं तर."

"काय झालं?" बाबांनी चष्मा काढला.

मला सगळं लख्ख दिसलं. आमच्या परसातून तारापूरचा किल्ला दिसतो. किल्ला पोर्तुगीजांच्या वेळचा. त्यातून एक चोरवाट निघते आणि ती कुठे उघडते ते कोणालाच माहीत नाही, असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. आणि आता एक परका माणूस येतो, आमच्या माजघरात टाच आपटतो, पोकळ जागा सापडली की गप्प होतो, आणि तेवढ्यात दस्तात 'निधी' उगवतो! घर आजोबांचं, वडिलोपार्जित. त्यामुळे खतावर सज्ञान मुलगा म्हणून माझी संमतीची सही लागणार होती. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या नकाराला काही किंमत आली होती. मी ती पुरेपूर वसूल केली.

"मी सही करणार नाही."

"का रे बाबा?" आईने आतून विचारलं.

"आधी खणून बघू."

"माझी जमीन परवाच सारवली हाय. हात लावून बघा कोणी."

म्हणून आम्ही संक्रांतीनंतर आई हळदीकुंकवाला जायची वाट पाहिली. 'आम्ही' म्हणालो, कारण बाबा आधी "उगाच खणू नको" म्हणाले, मग "खणलंस तर हळू खण" म्हणाले, आणि शेवटी पहार त्यांनीच आणून दिली. दुपारचे दोन वाजले होते. पोकळ जागेखाली घुशीचं बीळ निघालं. घूस घरी नव्हती. बाबा म्हणाले, "देवघराखाली बघ, जुने लोक तिथंच ठेवत." तिथे मुंग्या. चुलीजवळ राख. चौथा खड्डा उंबऱ्याला लागून घेतला, तर उंबराच हलायला लागला. बाबांच्या डोळ्यांत आता एक वेगळीच चमक आली होती. एरवी ती मी फक्त आंब्याच्या मोसमात बघितली आहे.

पाचवा खड्डा न्हाणीच्या मागे. तिथे पहार खण्णकन वाजली.

मडकं होतं. तोंडावर मातीचं झाकण. बाबांनी ते माझ्या हातून ओढून घेतलं. झाकण काढलं, आत सुकलेली माती, तिच्यात एक काळी पडलेली सुपारी आणि एक नाणं. बाबांनी नाणं धोतराला पुसलं.

"पोर्तुगीज?" ते कुजबुजले.

"पोर्तुगीज नाण्याला मधोमध भोक नसतं, बाबा."

तेवढ्यात आई आली. हातात वाण, कपाळावर कुंकू. तिने माजघराकडे पाहिलं, देवघराकडे पाहिलं, शेवटी आमच्याकडे पाहिलं.

"कुठं मिळालं ते मडकं?"

"न्हाणीच्या मागे. निधी आहे, आई."

"मेल्या, ती तुझी वार हाय."

(आमच्याकडे मूल जन्मलं की त्याची वार मडक्यात घालून, वर पैसा-सुपारी ठेवून घराच्या आवारातच पुरतात. बावीस वर्षांपूर्वी सुईणीने माझ्यासाठी एक भोकाचा पैसा घातला होता. म्हणजे त्या घराखाली जो काही निधी होता, तो मीच निघालो. आणि तो कितीचा, तेही कळलं.) आईने हळदकुंकू वाहून ते मडकं परत पुरायला लावलं आणि खड्डे बुजवून होईपर्यंत आम्हां दोघांना जेवायला वाढलं नाही.

शहाणा माणूस इथे थांबला असता. मी असा विचार केला: आपल्याला सापडत नाही, याचा अर्थ शिंद्यांना नक्की जागा माहीत आहे. मी पत्रक लिहायला बसलो.

मथळा होता: 'तारापूरकरांनो, तुमच्या पायाखाली काय आहे?' मजकुरात मी प्रत्येक वाक्य प्रश्नाचं केलं. कारण नुसता प्रश्न विचारला तर अब्रुनुकसानीचा दावा लागत नाही, असं मला एका वकिलाच्या कारकुनाने सांगितलं होतं. 'काय' नाही, 'का' नाही. वाक्य छोटं आणि शेवटी प्रश्नचिन्ह, ही माझी शैली. 'आमच्या घराखाली निधी आहे? शिंदे मुकादमांना तो ठाऊक आहे? ज्याला जमिनीखालचं माहीत तोच जमीन मागतो? गावाने हे मुकाट बघायचं?' अशी एकंदर चौतीस प्रश्नचिन्हं.

पालघरच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या माणसाकडे प्रश्नचिन्हं अकराच होती. ती त्याने मथळ्यात आणि पहिल्या परिच्छेदात वापरली आणि पुढे सगळीकडे पूर्णविराम बसवले. मला विचारलं नाही. मीही प्रूफ पाहिलं नाही, कारण एकदा रागाने लिहिलेलं मला परत वाचवत नाही. तीनशे प्रती तारापूरच्या आणि बोईसरच्या बाजारात वाटून झाल्यावर चहा पिताना एक सहज डोळ्यांखालून घातली.

'आमच्या घराखाली निधी आहे. शिंदे मुकादमांना तो ठाऊक आहे. गावाने हे मुकाट बघायचं.'

दुसऱ्या दिवशी सकाळी एडवणहून दामूकाका आले. हे बाबांचे चुलतभाऊ. माझ्या आजीच्या बाराव्यालासुद्धा आले नव्हते. बरोबर दोन मुलगे, आणि त्यांच्या हातात नवीकोरी घमेली.

"आमी काय मागायला नाय आलो, हां वहिनी," दामूकाका ओटीवर टेकत म्हणाले. "फक्त बघायला आलो. घर काकांचं, आणि काका आमचे पण."

"घमेली कशाला आणली?" आईने विचारलं.

"वाटेत मिळाली."

दामूकाका चार दिवस राहिले आणि त्यांनी घर सोडून गेलेली सगळी नाती मोजून दाखवली. पाचव्या दिवशी तलाठी आले. जमिनीत धन सापडलं तर ते सरकारला कळवावं लागतं, तुम्ही तर छापून कळवलंय, तेव्हा लेखी द्या, म्हणाले. बाबांनी लिहून दिलं: 'आमचे घरी मिळालेला निधी येणेप्रमाणे. सुपारी नग एक. भोकाचा पैसा नग एक. मडके माझे मुलाचे आहे.' तलाठ्यांनी ते दोनदा वाचलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कागद घडी करून खिशात घातला. फायलीत नाही, खिशात. अजून ते तो कोणाकोणाला दाखवतात, कळायला मार्ग नाही.

संध्याकाळी शिंदे मुकादम आले. पत्रक हातात होतं. ते एकेका शब्दावर बोट ठेवत वाचत होते.

"ह्यात माझं नाव हाय."

"आहे," मी म्हणालो. मी मागे हटणारा माणूस नाही.

"छापलंय झ्याक. म्हंजी तुमास्नी वाटतंय, भित मला धनाचं सांगती?"

"मग कशाचं सांगते?"

"वाळवीचं."

"आणि ती पोकळ जागा?"

"घूस."

"मग भाव का पाडला नाहीत?"

शिंद्यांनी पत्रकाची घडी केली. "सा म्हैनं झालं, पत्र्याच्या शेडात नऊ मानसांत झोपतोय. लेकरू मला मामा म्हनाया लागलंय. भाव पाडायला गेलो आन तुमी न्हाय म्हनला तर? पाडव्यापतूर थांबतो, दादा. मग दुसरीकडं बघतो."

 आईने हंडा उचलला आणि पाण्याला गेली. जाताना गुडघ्यावर हात ठेवून पायरी उतरली, आणि मी ते पाहीन अशा बेताने उतरली.

मी गणूकाकांना जाब विचारायला पालघरला गेलो. त्यांनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं, पानाचा तोबरा भरला आणि टेबलाखालून जुन्या दस्तांच्या नकलांचा गठ्ठा काढला.

"हे वाच. कशाचं आहे?"

"मिठागराचं."

"काय काय दिलंय?"

"जल, तरू, तृण..."

"जा, त्या मिठागरात एक तरू दाखव मला. तृणाची एक काडी दाखव. अरे, माझे वडील असंच लिहीत, त्यांचे वडील असंच लिहीत. हे लिहिलं नाही तर लोकांना वाटतं, दस्त अर्धाच झाला."

"म्हणजे याला काही अर्थ नाही?"

"अर्थ कशाला लागतो? दस्त आहे तो."

मी सही केली. पाडव्याच्या आठवड्यात घर शिंद्यांचं झालं आणि अक्षय्य तृतीयेनंतर चार दिवसांत ते रिकामं करून द्यायचं ठरलं. आता फक्त बेटेगावच्या जागेचं खत उरलं. ठरल्या दिवशी आई, बाबा, मी आणि साक्षीला शिंदे, असे आम्ही गणूकाकांच्या टेबलाशी बसलो. काशिनाथ आला. माझ्याच वयाचा, ताठ मानेचा. त्याच्या हातात माझं पत्रक होतं.

"मी नाय विकत," तो म्हणाला.

"का?"

"तुमीच लिवलंय. वाचू?" आणि त्याने वाचलं. काय सुंदर वाचलं! माझं वाक्य इतक्या तिडिकेने मी स्वतःही कधी वाचलं नव्हतं. "'ज्याला जमिनीखालचं माहीत तोच जमीन मागतो.' आख्खं बोईसर सोडून तुमाला माझीच जागा का पायजे? आणि कागदात बघा, निधी हाय. निक्षेप हाय."

"अहो, त्याला काही अर्थ नसतो," मी म्हणालो. "ती नुसती लिहायची पद्धत आहे."

"पत्रकात तर आसं नाय लिवलं."

"ते प्रश्न होते!"

"कुठं हायत प्रश्न? दाखवा."

मी गणूकाकांना म्हणालो, तो शब्द काढून टाका. गणूकाकांनी लेखणी खाली ठेवली. "काढणार नाही. चाळीस वर्षांत काढला नाही तो तुझ्यासाठी काढला, तर उद्या हाच विचारील, का काढला."

"इचारीनच," काशिनाथ म्हणाला.

 जुनं घर गेलेलं, नवीन मिळत नाही. बाबा चष्मा काढत होते, घालत होते. आईने काशिनाथकडे पाहिलं.

"भाऊ, विकायच्या आधी खणून बघ. जे निघेल ते तुझं. आमाला फक्त विहीर पायजे."

"मी खणू? ज्यानं लिवलं त्यानं खणावं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आन कुठं खणायचं ते मी दावतो," शिंदे म्हणाले. "मला भुई कळती."

दुसऱ्या दिवशी शिंदे दोरी, खुंट्या आणि फक्कीची पिशवी घेऊन बेटेगावला आले. त्यांनी काठीने ठकठक केली, एकदा कान लावल्यासारखं केलं आणि दोरी ताणून फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढल्या. "हाय तर ह्या रेघांखालीच हाय. कंबरंइतकं खोल जायाचं. बाजू सरळ ठेवायची, न्हायतर माती ढासळती." मी नऊ दिवस खणलं. हाताला फोड आले, फोडांवर फोड आले. काशिनाथ विहिरीच्या काठावर बसून लक्ष ठेवत होता आणि मधूनमधून मला त्याच विहिरीचं पाणी पाजत होता. (गोड आहे, हे मी मान्य करतो.) खाली निव्वळ मुरूम निघाला. नवव्या दिवशी काशिनाथने चरांतून एक फेरी मारली, मान हलवली आणि अक्षय्य तृतीयेला पालघरला जाऊन निमूट सही केली. निधी-निक्षेपासह.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिंदे चार गवंडी आणि दगडांची बैलगाडी घेऊन जागेवर हजर. आई विहिरीतून पहिला हंडा काढत होती.

"आता पाया कधी खणायचा?" मी विचारलं.

शिंद्यांनी आईकडे पाहिलं. आईने विहिरीत पाहिलं. गवंडी एकेक करून माझ्या चरांत उतरले आणि दगड रचायला लागले. पुढे ओटी, मागे माजघर, डावीकडे स्वयंपाकघर, त्याला लागून न्हाणी. सगळं कंबरेइतकं खोल, बाजू सरळ.

पोर्तुगीजांपासून गणूकाकांपर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. पण निधी पुरणारा माणूस तो काटकोनात कशाला पुरेल, हा प्रश्न मला नऊ दिवसांत एकदाही पडला नाही.